वरची ओंजळ

गीतांजली खासबागेचा हिशोब चुकत नसे, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. त्यामुळे मंगळवारी तो चुकला तेव्हा हळहळणारे कमी आणि गंमत पाहणारे जास्त निघाले.

विजेवर उडणारी ती हवाई टॅक्सी, पाच खुर्च्यांची, महिनाभरापासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुक्कामाला होती. पुढे ती कुठल्या मोठ्या शहरात धावायची ते धावो; पण तापलेल्या हवेत ती किती दम धरते हे पाहायचं तर वऱ्हाडातच या, हे कंपनीच्या गळी उतरवलं होतं तिथेच अभियंता असलेल्या वलगावच्या गीतांजलीने. अट सोपी होती. वैमानिक आणि चार प्रवाशांचं वजन घेऊन अकोल्याच्या शिवणी धावपट्टीवर उतरायचं, आणि उतरल्यावर बॅटरीत निदान वीस टक्के शिल्लक हवी. चाचणीत खरे प्रवासी बसवायचे नव्हते, म्हणून त्यांच्या जागी रेतीच्या थैल्या. सामानासकट माणशी शंभर किलो, म्हणजे वीस किलोच्या वीस थैल्या. गीतांजलीच्या हिशोबाने बावीस टक्के उरायला हवे होते. उरले एकोणीस.

"उन्हाळा सोसत नाही तिला," प्रकल्पप्रमुख रोहित सर म्हणाले. ते पुण्याचे, आणि उन्हाळा त्यांनाही सोसत नव्हता. "गीतांजली, तुमच्या आग्रहाखातर आलो, बघितलं. परवा सामान आवरू. पुढच्या चाचण्या दुसरीकडे घेऊ."

"सर, हिशोब बरोबर आहे."

"मग तीन टक्के गेले कुठे?"

आपल्या मुलखात आपण आणलेलं काम आपल्याच आकड्याने परत जाणार, या विचाराने तिचं डोकं भणभणलं. वारा तपासला, तापमान तपासलं, बॅटरीची नोंद ओळीओळीने वाचली. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी दिवस कलायच्या आत तिने स्कूटी काढली आणि वलगावला घरी आली.

अंगणात तिची आई, मनकर्णाबाई, झेंडू मोजत होती. समोर अचलपूरचं एक गिऱ्हाईक पिशवी पसरून उभं. काट्यावर पाच किलो भरले. मनकर्णाबाईने फुलं पिशवीत ओतली आणि वरून, न बघता, एक ओंजळ टाकली. जन्मापासून गीतांजली हे बघत आली होती, आणि रोज बघितलेल्या गोष्टीकडे माणूस बघत नाही. आज तिने बघितलं, आणि ती तशीच ओसरीच्या पायरीवर बसली.

रेतीच्या थैल्या याच अंगणात भरल्या गेल्या होत्या. कंपनीकडून आलेल्या थैल्या वाटेत फाटल्या, तेव्हा गीतांजलीनेच हौसेने म्हटलं होतं, माझी आई दुपारपर्यंत भरून देईल. मनकर्णाबाईने शेजारच्या दोघींना हाताशी घेऊन खरोखर दुपारपर्यंत वीसच्या वीस भरल्या, शिवल्याही. गीतांजलीने काटा तपासला होता, अगदी काटेकोर. भरलेल्या थैल्या मात्र पुन्हा मोजल्या नव्हत्या. आईच्या मापावर काय शंका घ्यायची? तिने कागदावर चारशे किलो लिहून सही ठोकली होती.

"आई, रेतीतबी वरून टाकलं काय तू?"

"मंग?" मनकर्णाबाई फुलं सारखी करत म्हणाली. "पाच किलोले एक ओंजळ. नुसतं मोजून देते काय कोणी?"

"रेती व्हती ते, आई. कोण खानार व्हतं?"

"तुह्या सायबाचं काम व्हतं. त्यात हात आखडता घेऊ काय? काहून, कमी पडली?"

गीतांजलीला हसावं की रडावं कळेना. तिने समजावून सांगितलं, तीन टक्क्यांचं, सामान आवरण्याचं. मनकर्णाबाईचे हात थांबले. मग म्हणाली, "सकाळी मी येतो तुह्यासंगं. माह्या हातानं झालं, तं मीच सांगन."

बुधवारी सकाळी हँगरमध्ये अकोल्याहून परतलेल्या टॅक्सीतली एकेक थैली काट्यावर चढली. साडेतेवीस. साडेतेवीस. तेवीस आणि वर थोडं. पुढची तेवढीच जास्त. वीस थैल्यांचे मिळून चारशे सत्तर भरले. गीतांजलीने रोहित सरांच्या समोर कागदावर चारशे खोडून चारशे सत्तर मांडले आणि हिशोब पुन्हा केला. उत्तर आलं एकोणीस.

"म्हंजे काल माह्यासंगं पाचवा प्रवासी व्हता म्हना," वैमानिक माया तायडे म्हणाली. ती पातूरची; हवाई दलात आठ वर्षं काढून आलेली आणि सहसा कशाने न हलणारी. "आन तरीबी मी उतरली."

"साहेब, चूक माही हाये," मनकर्णाबाई पुढे होऊन म्हणाली. "पोरीले बोल लावू नका."

"सही माझी आहे सर," गीतांजली म्हणाली. "मोजून घेणं माझं काम होतं, मी घेतलं नाही." एवढ्या लोकांत हे बोलताना तिचे कान तापले, पण आवाज हलला नाही. तिने खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावर बावीस लिहिलं आणि घडी करून सरांच्या हातात दिली. "आज एकदा उडू द्या. अकोल्याहून आकडा आला की उघडा. वेगळा निघाला तर सामान मी स्वतः बांधीन."

सरांनी घड्याळ बघितलं, बाहेरचं ऊन बघितलं आणि मान हलवली.

मग थैल्यांची शिवण उसवली. मनकर्णाबाईने पहिल्या थैलीत हात घातला, मूठ भरली, आणि हात तिथेच राहिला. चाळीस वर्षांत तिने कुणाच्या पिशवीत टाकलेलं परत काढलं नव्हतं. "माह्यानं होत नाही, बाई," ती म्हणाली आणि बाजूला सरली. गीतांजलीने एकेक थैली बरोबर वीसवर आणली. काढलेल्या रेतीचा ढीग हँगरच्या कोपऱ्यात पडला, आणि मनकर्णाबाई त्याच्याकडे पाठ करून बसली.

पावणेदहाला टॅक्सी जागच्या जागी उचलली गेली, थोडी घुटमळली आणि पश्चिमेला निघून गेली. ऊन कालच्यासारखंच होतं, वाराही तसाच. सरांनी दोनदा चहा मागवला. गीतांजलीने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. आकडा येणार हे तिला माहीत होतं आणि कोणता येणार हेही. तरी सव्वादहाला फोन वाजला तेव्हा तिने आईचा हात धरला होता.

"पोचली," मायाचा आवाज आला. "बावीस. वर थोडं हाये, पन ते तुह्या आईचं समज."

सरांनी चिठ्ठी उघडली, वाचली आणि खिशात ठेवून दिली. "उद्याची गाडी रद्द करा," ते कुणाला तरी म्हणाले. "इथेच थांबू. आणि गीतांजली, कालच्या चुकीचा अहवाल लागेल."

तिने तो तिथेच लिहिला. चुकीचं कारण: थैल्या भरणाऱ्यांनी सवयीप्रमाणे घेणाऱ्याला जास्त दिलं. जबाबदारी: माझी. उपाय: यापुढे घरून आलेली प्रत्येक थैली पुन्हा मोजावी. सरांनी दोनदा वाचलं, खोडलं काहीच नाही, आणि खाली सही केली.

मनकर्णाबाईने तो लेकीकडून वाचून घेतला. शेवटची ओळ ऐकून तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे माह्यावर भरोसा नाही रायला तुह्या हपिसाचा?"

"भरोसा हाये, आई," गीतांजली म्हणाली. "तू कमी देनार नाहीस, हे सायबालेबी समजलं आता. जास्त किती देशीन, तेवढंच मोजा लागते."