सोळावा आणा

सिद्धाराममामांच्या कलापथकात कधी कुणी पावती घेतली नव्हती. जत्रेतला खेळ संपला की डिझेल-जेवणाचे पैसे बाजूला निघायचे आणि उरलेल्या रुपयाचे सोळा आणे धरून ज्याचा त्याचा वाटा तिथंच हातावर पडायचा. पण सुपारी घेताना कागदावर सही एकट्या मामांची. त्यामुळं १९७६ साली इन्कम टॅक्सची नोटीस आली तीही एकट्या मामांना, वर्षाचे अठरा हजार त्यांच्याच खिशात गेले असं धरून. तेवढा कर भरायचा तर टेम्पो विकावा लागणार होता, आणि टेम्पो गेला की पथक मोडलंच.

"वाटे होत होते, याला पुरावा काय?" सोलापूरच्या कचेरीत साहेबांनी विचारलं.

मामांनी भाचीकडं पाहिलं. दाक्षायणी त्याच वर्षी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती. टॅक्सचं तिला काही कळत नव्हतं. पण एकच गोष्ट अनेकांनी वेगवेगळी मोजली आणि मेळ बसला, तर ती खरी मानतात, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"सर, पथकातली सगळी माणसं बाहेर बसलीत. मी त्यांना मुद्दामच काही विचारलेलं नाही. एकेकाला आत बोलवा आणि फक्त स्वतःचा वाटा विचारा. बेरीज सोळा यायला हवी."

"नाही आली तर?"

"तर मामा कर भरतील."

मामांना ठसका लागला.

साहेबांना मात्र गंमत वाटली. त्यांनी कोरा कागद ओढला. मामांचे तीन आणे. गाणारी बजाबाई म्हणाली, तीन. पेटीवाले महादेवप्पा दोन, नाचणारी ईरम्मा दोन. सोंगाड्या श्रीमंत म्हणाला, "दोन. कामाच्या मानानं लई कमी हाय, पण लिवा दोन." ढोलकीवाल्या धोंडीरामचे दोन, ड्रायव्हर जोतीरामचा एक. सांगून झालं की शिपाई प्रत्येकाला पलीकडच्या खोलीत नेऊन बसवत होता.

साहेबांनी बेरीज केली आणि कागद तिच्यापुढं सरकवला. "पंधरा."

दाक्षायणीनं पुन्हा बेरीज केली. पंधराच. मामा काही बोलायला गेले, तसा तिनं त्यांचा हात दाबला. आता मामांनी सांगितलेलं काहीही साहेबांना सारवासारवच वाटलं असतं.

"सर, मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुम्हीच कुणालाही परत बोलावून विचारा. आम्ही दोघं गप्प बसतो."

साहेबांनी बजाबाईला बोलावलं. "बाई, एक आणा कमी पडतोय. कुणाचा?"

"ढोलकीचा की." बजाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू शाळेतल्या पोराला बाराखडीच येत नाही. "अजून कुणाचा असणार?"

मग धोंडीराम आला. "ढोलकीचा एक आणा व्हय. कातडं फाटतंय, त्यावरची शाई उडतीय. पेटीला कुटं काय फाटतंय? म्हणून ढोलकीला वाटा, पेटीला न्हाय."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुमी माजा विचारला. तिचा कुटं विचारला?"

साहेबांनी महादेवप्पांनाही विचारून घेतलं. ते जरा नाराजीनंच म्हणाले, "ढोलकीला मिळतोय. माझ्या पेटीला नाही."

साहेबांनी पंधरावर काट मारली आणि सोळा लिहिले. एवढी सरळ साक्ष आपण बऱ्याच दिवसांत ऐकली नाही, असं ते म्हणाले. इतरांना दिलेले पैसे खर्च म्हणून मान्य झाले, आणि मामांचे तीन आणे कराच्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहिले. नोटीस रद्द.

"पण यापुढं वही ठेवा," साहेब म्हणाले. "प्रत्येक खेळाला प्रत्येकाची सही, नाहीतर अंगठा."

"समद्यांचा घेऊ की," धोंडीराम म्हणाला. "ढोलकीचा कसा घ्यायचा, तेवढं सांगा."

साहेब मोठ्यानं हसले. "तिच्या नावापुढं तुम्हीच उठवा."

कचेरीच्या आवारात धोंडीरामनं टेम्पोतून ढोलकी काढली आणि कुणी नको म्हणायच्या आत थाप मारली. खिडक्यांत कारकून गोळा झाले. मामांनी कित्येक दिवसांनी वरचा सूर लावला, आणि दाक्षायणी टेम्पोच्या फळकुटावर ताल धरून बसली.