सासूबाईंच्या मागे मागे

दोन घरं पसंत पडली होती आणि नवरा-बायकोचं काही केल्या जमत नव्हतं. नवऱ्याला बागेजवळची शांत वसाहत हवी होती, बायकोचं मन बाजारामागच्या गल्लीत अडकलं होतं. भांडण खरं सासूबाईंवरून होतं. हल्ली दार उघडं दिसलं की त्या चालू लागत आणि घर कुठलं ते विसरत. मागच्या खेपेला पार पुलाखाली सापडल्या होत्या.

शेवटी सुनेनं जे केलं, ते कळलं असतं तर नवऱ्यानं तिला फाडून खाल्लं असतं. घर बघायच्या निमित्तानं ती सासूबाईंना वसाहतीत घेऊन गेली, त्यांचा हात सोडला आणि गुपचूप मागे मागे चालू लागली. आता ही काय वस्तीची परीक्षा घ्यायची रीत झाली? पण तिला दुसरं काही सुचेना.

काय ते रस्ते! झाडूनपुसून लख्ख, आणि चिटपाखरू नाही. सासूबाई एकेका बंद दारावरून रमतगमत फाटकाशी पोचल्या. वॉचमनने अदबीनं सलाम ठोकला आणि फाटक उघडून दिलं. समोर भरधाव ट्रक! सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन तिनं सासूबाईंचा दंड धरला.

खरं तर एवढ्यावर थांबायचं. पण बाई हट्टी. दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून गल्लीत तोच खेळ. इथे स्कूटर, हातगाड्या, उघडं गटार. बघता बघता सासूबाई गर्दीत दिसेनाशा झाल्या. "मेले मी!" म्हणत सून पुढे घुसली, तोच कुणीतरी तिचं मनगट गच्च पकडलं.

"काय गं ए, मघापासून बघतेय. त्या आजींच्या मागे का लागलीस?" भाजीवाली कडाडली. पलीकडे इस्त्रीवाल्यानं सासूबाईंना स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं.

"अहो, सून आहे मी त्यांची!"

"हो का? आजी, ओळखता हिला?"

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इतकी वर्षं जिच्या हातचं जेवल्या, तिला.

"नाही बाई."

सुनेच्या काळजात चर्र झालं, डोळे भरून आले. माणसं गोळा झाली, मनगटावरची पकड आणखी आवळली. मोकळ्या हातानं तिनं कसाबसा नवऱ्याला फोन लावला.

"लगेच गल्लीत या. ही माणसं मला सोडत नाहीयेत."

"अगं, कुठली माणसं?"

"आपले शेजारी," ती म्हणाली.