घरजावई लेन्स

बाबांना जाऊन सात महिने झाले होते, आणि त्यांनी दोघांसाठी ठरवून ठेवलेल्या सहलीला आई परवा एकटीच निघणार होती. कॅमेऱ्याशिवाय मात्र घराबाहेर पाऊल टाकणार नाही, असं तिने जाहीर केलं होतं. बाबांच्या बॅगेत एक कॅमेरा आणि पाच लेन्स, मिळून साडेपाच किलो. आईचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. तेव्हा एकच लेन्स हवी होती. जवळचं, लांबचं सगळं बघणारी, एकदा लावली की काढायला नको अशी.

नेमक्या ह्याच जातीच्या लेन्सला बाबा 'घरजावई' म्हणायचे. "एकदा आला की हलत नाही, प्रत्येक कामात हात घालतो आणि एकही धड करत नाही." थोरले जावई हे ऐकलं की आपली निघायची वेळ झाली असं समजून उठायचे.

कॅमेऱ्यांच्या दुकानात आईजवळच राहणारी धाकटी मुलगी सोबत आली होती ती मदतीला, असं आई समजत होती. खरं तर आईने जाऊ नये असंच धाकटीच्या मनात होतं. गुडघ्यांचं कारण सांगून झालं, रक्तदाबाचं सांगून झालं. आता लेन्सच पसंत पडली नाही, तर परस्पर काम होणार होतं. शिवाय ती मुद्रितशोधक होती; चुका काढण्यावरच तिचं पोट होतं.

"या वहिनी," म्हणत दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक लेन्स काढली आणि बाबांच्या कॅमेऱ्यावर कट्कन बसवली. "अठरा ते तीनशे मिलिमीटर. समोरची अख्खी इमारत घ्या, नाहीतर तिच्या गच्चीवरचा कावळा घ्या."

"वजन?" आईने विचारलं.

"सहाशे वीस ग्रॅम."

"फोटोच्या कडा मऊ येतात हिच्या," धाकटी म्हणाली. रात्री जागून तिने बाबांच्या लेन्सवरच्या नोंदवह्या वाचल्या होत्या.

"येतात थोड्या."

"तीनशेवर उजेड कमी पडतो."

"संध्याकाळी पडतो जरा."

"आणि गळ्यात लटकवली की नळी आपोआप खाली घसरते."

"त्याला कुलूप आहे ताई, हे बघा बटण." दुकानदार आईकडे वळला. "भाऊच आल्यासारखं वाटतंय. दर शनिवारी यायचे, हीच लेन्स मागायचे, तिला वाट्टेल ते बोलायचे आणि पुसून परत द्यायचे."

"पुसायचे?" आईने विचारलं.

"स्वतःच्या रुमालाने."

आईने कॅमेरा उचलून घेतला. म्हणाली, "इथे उभं राहून काय कळणार? तू बाहेर जा गं. रस्त्यापलीकडच्या त्या चष्म्याच्या दुकानापुढे, पायऱ्यांपाशी उभी राहा."

धाकटी निघाली. फोटोसाठी असं उभं राहणं हे घरात आजवर आईचं काम होतं. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते, आणि मोजता येत नाही असा फोटो त्यांना अर्धवट वाटायचा. त्यामुळे प्रत्येक बुरुजाखाली, धरणाखाली, झाडाखाली आई. पाच फूट दोन इंच, टाचा न उचलता. अल्बममध्ये फोटोखाली त्यांच्या बारीक अक्षरात नोंद असायची: 'दीपगृह, उंची अठरा आई.' 'धबधबा, अंदाजे तेवीस आई, तळाचे पाणी वगळून.' तेहतीस वर्षांच्या फोटोंत आईचा चेहरा कधी वाटाण्याएवढा, कधी मोहरीएवढा. ह्या सहलीतल्या घंटाघरासाठीही त्यांनी आगाऊ आकडा लिहून ठेवला होता, प्रश्नचिन्हासह.

पायऱ्यांपाशी पोचल्यावर धाकटीचा फोन वाजला.

"अजून मागे हो," आई म्हणाली.

"आई, मागे भिंत आहे."

"मग राहू दे. थांब, दुसरा डोळा मिटलाय मी." फोनवर दुकानदाराचा आवाज आला, मग आईचा श्वास. "अगं बाई. दिसलीस."

"किती दिसले?"

"सगळी. भुवईवरचा व्रण दिसतोय. झोपली नाहीस रात्री."

"झोपले होते."

"आणि हनुवटी का हलतेय?"

"ऊन लागतंय."

"सावलीत उभी आहेस तू."

मधून एक टेम्पो गेला.

"मी जाऊ नये असं वाटतंय ना तुला?" आई म्हणाली. "उत्तर देऊ नकोस. दिसतंय."

"एकटी कशी राहशील आई?"

"आमच्या गटात चोवीस माणसं आहेत. आठ दिवस एकटी राहणार आहेस ती तू."

धाकटीने फोन कानावरून काढला, बंद केला, आणि उगाचच चष्म्यांच्या फ्रेम बघत उभी राहिली. दुकानातून आई आपल्याला अजून बघत असणार हे लक्षात आल्यावर तिने तोंड पुसलं आणि रस्ता ओलांडला.

काउंटरवर दुकानदाराने फोटो दाखवला. मधोमध धाकटी: डोळे सुजलेले, फोन कानाला, नाकाचा शेंडा लाल. कडेचा विजेचा खांब जरासा विरघळल्यासारखा आलेला.

"कडा मऊ आहेत," ती म्हणाली. सवयीने निघून गेलं तोंडातून.

"तिथे खांब आहे," आई म्हणाली. "खांबाकडे कोण बघतंय? तुझं नाक किती स्वच्छ आलंय ते बघ."

दुकानदाराने खोकल्यासारखं केलं. "एकशे पस्तीसपर्यंतचीही एक आहे वहिनी. वजन निम्मं, कडा बऱ्या. दाखवू?"

आईने मुलीकडे बघितलं. आता बोल, असं ते बघणं होतं. धाकटीला त्या दुसऱ्या लेन्सचेही चार दोष पाठ होते, आणि ते सांगत बसलं तर संध्याकाळपर्यंत सहज पुरले असते.

"एकशे पस्तीसला नाक एवढं दिसणार नाही," ती म्हणाली. "हीच द्या. आणि एक जादा बॅटरी. चार्जिंगला लावायची ही विसरते."