ओजामाच्या बुंध्याशी ठेवलेलं अंडं

मित्रांनो, मी अशांती नावाच्या मुलखातल्या रानातलं एक जुनं, वेडंवाकडं झुडूप आहे. गावकरी मला ओजामा म्हणतात. माझी फुलं कुणी केसांत माळत नाही, सावलीही जेमतेम. पण पानं गुणाची. दाढ दुखली की चघळतात, पोट बिघडलं की उकळून पितात, जखमेवर कुटून बांधतात.

पानं तोडायची इथे रीत आहे. बुंध्याशी एक कच्चं अंडं ठेवायचं, आपलं दुखणं आपल्या तोंडानं मला सांगायचं, मगच हात लावायचा. त्यामुळे साऱ्या गावाची पोटं मला पाठ आहेत. अंडी मुंगूस पळवतं, खादाड म्हणून नाव मात्र माझं होतं.

एकदा अजेकुमनं इथे कोकोची बाग लावायचं ठरवलं. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, अशा इथल्या रिवाजानं शेजारी कोयते घेऊन रान साफ करायला आले. माझी तर पाचावर धारण बसली!

अजेकुमनं कोयता उगारला, तोच त्याची बायको सेर्वा जेवणाची पाटी घेऊन आली.

"तोडा की," ती म्हणाली. "फक्त आई सांगायची, ओजामा पडलं की त्याला सांगितलेली दुखणी ज्याची त्याला परत जातात."

"मला काय त्याचं? मी कधी आलोच नाही इथे!"

मला हसू आवरेना. मूळव्याधीचं गाऱ्हाणं घेऊन हा परवाच आला होता. अंडंही उकडलेलं, तेही अर्धं खाल्लेलं!

त्यानं कोयता शेजाऱ्यांपैकी ओफोरीपुढे धरला. "घे, तू तोड."

"नको रे बाबा, माझा खांदा धरलाय."

"येबोआ, तू?"

"तुझं शेत, तुझा मान," म्हणत येबोआ मागे सरकला.

"अगं बाई! म्हणजे सगळेच येऊन गेलात की!" सेर्वा म्हणाली.

जो तो आपल्या कोयत्याची धार बघू लागला. शेवटी अजेकुम खेकसला, "राहू दे मेलं! बाजूनं लावू कोको."

जाताना सेर्वानं माझ्या पानांवरून हात फिरवला. तिच्या धाकटीच्या पायाची जखम याच पानांनी भरली होती.

मित्रांनो, पानं लागतील तेवढी न्या, मुळावर तेवढे उठू नका. तुमचं दुखणं माझ्यापाशी राहील. अजेकुमचं मी तुम्हाला सांगून टाकलं खरं. पण उकडलेल्या अर्ध्या अंड्यात गुपित किती दिवस राखायचं?