दाराआतले आणि दाराबाहेरचे

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. मित्रांनो, माझ्याकडे तुमचं लक्ष कशाला जाईल? तुम्ही मला सरकवता आणि जेवायला बसता. तरी आज थोडं ऐका.

एका लोहाराने मला घडवलं आणि एका घाईतल्या सुताराने दाराला ठोकलं. त्याने मला केसभर खाली बसवलं, त्यामुळे दार जरा उचलून धरल्याशिवाय मी सरकत नाही. ही खोड फक्त घरच्यांना ठाऊक. घरात दोघीच: शिवणकाम करणारी आई आणि दवाखान्यात नर्स असलेली तिची लेक.

दिवेलागणीला लेक घरी आली, की आई दार उचलून मला लावायची, माझ्यावर तळहात ठेवायची आणि म्हणायची, "प्रभू येशू, दाराआतल्यांना सांभाळ आणि दाराबाहेरच्यांनाही." एवढीच प्रार्थना. शिलाई मशीनला तेल घालून झालं, की उरलेला थेंब मला मिळायचा. कडी कशी लोण्यासारखी सरकते, असं पाहुणे म्हणत. मी सुखात होते, आणि थोडी शेफारलेही होते.

मग गल्लीत चोऱ्या सुरू झाल्या. आधी कोपऱ्यावरचं किराणा दुकान फुटलं. एका रविवारी दोघी चर्चमधून परतल्या, तर मागच्या घराचं दार उचकटलेलं. आईने धसकाच घेतला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड पोळलंही नव्हतं, तरी ही पाणीसुद्धा फुंकू लागली. महिन्याभरात माझ्या वर दोन नव्या कड्या, खाली साखळी आणि आतून एक भलंमोठं कुलूप आलं. किल्ली चोराच्या हाती लागू नये म्हणून ती रोज जागा बदलून लपवी: कधी बटणांच्या डब्यात, कधी बायबलच्या कापडी कव्हरात. आपण घरात असताना कुलूप कशाला, असं लेकीने विचारून पाहिलं. आईने ऐकलं नाही.

हे सगळं लावता लावता ती दमून जाई. प्रार्थना आखूड होत गेली. शेवटी "दाराआतल्यांना सांभाळ" एवढंच उरलं. तेल नव्या कड्यांना मिळू लागलं आणि मला गंज चढला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी आई ब्लाउजला काजं करत होती. अचानक दारावर धडाधड थापा पडल्या. समोर राहणाऱ्या इस्त्रीवाल्या काकू होत्या. गळ्यातली माळ ओढायला दोघे जण त्यांच्या मागे लागले होते.

"ताई, दार उघडा."

आई धावली. साखळी निघाली, वरच्या कड्या निघाल्या. मी गंजलेली, दार उचलून तिने दोनदा हिसका दिला, तेव्हा कुठे हलले. मग कुलूप. आज किल्ली कुठे ठेवली तेच आठवेना. मशीनचा खण उपसला, बटणांचे डबे पालथे केले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. किल्ली मशीनशेजारच्या बायबलच्या कव्हरातच होती, पण वाचायला ते बरेच दिवस कोणी उघडलंच नव्हतं, म्हणून तिकडे हात शेवटी गेला.

दार उघडलं तेव्हा चोर पळाले होते. माळ गेली होती आणि काकू पायरीवर झटापटीत मोडलेला हात धरून बसल्या होत्या.

"मला वाटलं, घरात कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"होते ना," आई म्हणाली. "मी कुलपं काढत होते."

आणि तीही पायरीवर बसून रडू लागली.

हाताला प्लास्टर बसलं. लेकीने काकूंना दीड महिना आपल्याच घरी ठेवून घेतलं. आईने आतलं कुलूप आणि एक नवी कडी काढून टाकली. दुसरी कडी आणि साखळी मात्र ठेवली, कारण देवावर भरवसा असला तरी चोर काही चर्चला विचारून येत नाहीत. मला तिने घासलं आणि तेल दिलं.

मित्रांनो, दाराला कड्या जरूर लावा. त्यांना तेल द्या, किल्ली हाताशी ठेवा. आणि बाहेरून कोणी हाक मारली तर आपलं दार किती वेळात उघडतं, ते एकदा करून बघा.

आता काकू आपल्या घरी राहतात. दिवेलागणीला आई आधी दार सताड उघडते आणि समोर बघून विचारते, "काकू, आलात का घरी?" पलीकडून "आले हो, ताई" असं ऐकू आलं, की ती दार उचलते, मला लावते, माझ्यावर तळहात ठेवते आणि प्रार्थना म्हणते. पूर्ण.