सत्तरच्या आसपास

रेजोच्या दुकानात काउंटरवर स्नोमोबाइलवर बसवायचे दोन डिस्प्ले शेजारी शेजारी चालू होते. एक दहा इंची, अख्खा तलाव रंगीत नकाशात दाखवणारा. दुसरा तळहाताएवढा, करडा. वर इंजिनाच्या तापमानाचा जाड आकडा आणि खाली रस्त्याची बारीक रेघ. तुइरेने दोन्ही पाहिले, पण हातमोजे काही काढले नाहीत.

"अगं, मीटर निवडतेयस की नवरा?" रेजो म्हणाला. दोघं एका वर्गात होते आणि तो तेव्हापासून तिला असाच छळत आला होता. "मोठा घे. आपल्या वयात बारीक दिसत नाही."

"आपल्या म्हणू नकोस. तुझ्या."

"बरं, माझ्या. कौकोला विचारलंस?"

"तो म्हणतो, माझ्या पायाला विचार."

रेजो हसला नाही.

तुइरेचा नवरा कौको गेल्या मार्चपर्यंत दर मंगळवारी स्नोमोबाइलवरून गोठलेला तलाव ओलांडायचा. पलीकडे एकोणीस किलोमीटरवर एका बेटावर त्याचे मामा, उला, एकटे राहत. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या आणि आठवड्याचं सामान पोचवायचं. मार्चमध्ये गाडी उह्कूत रुतली. बर्फाचा थर वरच्या हिमाच्या वजनाने खाली दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि हिमाखाली दडून बसतं. त्याला त्या भागात उह्कू म्हणतात. वरून सगळं कोरडं, पांढरं. कौको उणे सव्वीस अंशांत ओल्या बुटांनी सहा किलोमीटर चालला. डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. तेव्हापासून त्याने तलावावर पाऊल ठेवलं नव्हतं आणि मंगळवार तुइरेकडे आला होता.

एकही मंगळवार चुकला तर म्हाताऱ्याला गावातल्या वृद्धाश्रमात आणावं लागेल, असं नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. उलामामांनीही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं होतं की आपण बेटावरून आडवेच निघू. रविवारपासूनच तुइरेला मंगळवारची भीती वाटायला लागायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि गेल्या आठवड्यात गाडीवरचं जुनं मीटर बंद पडलं.

"मोठा बसवून देतो," रेजो म्हणाला. "एक फेरी मारून ये. नाही आवडला तर काढून देईन."

मोठा डिस्प्ले बसला. मंगळवारी निघताना कौको कुबडी टेकत अंगणापर्यंत आला. "आकडा बघ," तो म्हणाला. "घट्ट हिमावर इंजिन सत्तरच्या आसपास राहतं. भुसभुशीत हिमात खोल गेली की तो उतरतोच; पण गाडी खोल जात नसतानाही आकडा पडायला लागला, तर गाडीखालचा पट्टा पाणी उडवतोय असं समज. पाण्याने इंजिन थंड होतं. मी आकडा बघत नव्हतो, मी बेट बघत होतो."

"माहितेय. दहा वेळा सांगितलंस."

"मग अकराव्यांदा ऐक. आणि पाण्यात थांबू नकोस. काही झालं तरी थांबू नकोस."

पावणेअकराला ती निघाली. सात किलोमीटरपर्यंत मच्छीमारांनी वाटेच्या खुणेसाठी रोवलेल्या बर्च झाडाच्या फांद्या दिसत होत्या. मग वारा उठला. आठव्या किलोमीटरला फांद्या गेल्या, किनारा गेला, आभाळ कुठे संपतं ते कळेना. पुढे पांढरं, मागे पांढरं. राहिला होता फक्त डिस्प्ले.

नकाशा सुंदर होता. तिची गाडी एक लहानसा बाण, बेटापर्यंत सरळ निळी रेघ. रेघ दोन खडकाळ बेटांमधल्या खिंडीतून जात होती. फांद्यांची वाट खिंडीला वळसा घालून जायची, पण फांद्या आता कुठे होत्या?

आकडा? नकाशावर आकडा नव्हता. तिने हँडलवरचं बटण दाबलं. नकाशा गेला, आकडा आला: ७१. पुन्हा दाबलं. आकडा गेला, नकाशा आला. बाण रेघेवरून बाजूला सरकला होता.

मग तेच सुरू झालं. नकाशा पाहिला की खाली पाणी असल्याचा भास. आकडा पाहिला की आपण भलतीकडे चाललोय असं वाटायचं. एका वेळी एकच भीती बघता येत होती. अंगठा बटणावरच होता. ७०. नकाशा. ७१. नकाशा. चेहऱ्यावर फडक्याच्या आत श्वास गोठत होता.

खिंडीच्या तोंडाशी तिने नकाशा सोडला. का, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. आकडा समोर ठेवला आणि आंधळ्यासारखी गाडी चालवत राहिली.

६९.

६६.

हिम खोल नव्हतं. गाडीच्या पुढच्या स्की वरच्या वर चालल्या होत्या.

६०. ५३.

गाडीचं बूड जड झालं, कुणीतरी मागून धरल्यासारखं. मागे वळून पाहायचा मोह झाला. तिने पाहिलं नाही. रेस सोडू नकोस, रेस सोडू नकोस. तिने रेस पूर्ण दाबली आणि अंग डावीकडे टाकून मोठा वळसा घेतला. पट्ट्याचा आवाज बदलला होता, चिखलात फिरावा तसा. ४६. गाडी मंदावली, जवळजवळ थांबली, तिच्या तोंडून नुसती किंकाळी निघाली, आणि मग पट्ट्याला काहीतरी कठीण लागलं.

४६. ४९. ५५.

आकडा ६८ झाला तेव्हाच तिने गाडी उभी केली. आपण कुठे आहोत हे तिला अजिबात माहीत नव्हतं. ती बसून राहिली, कोरड्या बुटांकडे बघत. मग बटण दाबून नकाशा लावला आणि उत्तरेकडून खिंडीला लांब वळसा घेतला.

उलामामा दारातच उभे होते. त्यांनी आधी तिच्याकडे नाही, गाडीच्या बुडाकडे पाहिलं. तिथे बर्फाचे हिरवट गोळे चिकटले होते.

"खिंडीतून आलीस?"

"नकाशा तिकडूनच आणत होता, मामा."

"नकाशा काढणारा एखाद्या मंगळवारी इकडे आला होता का, विचार त्याला." त्यांनी तिला आत घेतलं, तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून कप हातात दिला. तेवढ्यात म्हाताऱ्याने बाहेर जाऊन फावड्याने बर्फाचे गोळे तोडून काढले. तिने आणलेली औषधांची पिशवी टेबलावर तशीच होती.

तिने रेजोला फोन लावला. "लहान बसव. तळहाताएवढा."

"अगं, त्यावर नकाशा म्हणजे नुसती रेघ. चुकशील."

"चुकले तर थांबता येतं, रेजो. रेघ सापडेपर्यंत, वारा पडेपर्यंत थांबता येतं. पाण्यात थांबता येत नाही. मला तो आकडा लपवता न येणारा पाहिजे."

"आलीस की बसवतो," तो म्हणाला. "नीट ये."

येणं अजून बाकी होतं. वारा पडला होता, पण तिथे हिवाळ्यात दुपारीच अंधारतं; उजेड तासाभराचाच होता. उलामामांनी स्वतःच्या लोकरी मोज्यांचा जोड तिच्या खिशात कोंबला. "पुढच्या मंगळवारी आली नाहीस तरी चालेल," ते म्हणाले, गावाकडे न बघता. "जाईन मी त्यांच्या त्या घरात."

"आडवे जाणार होतात ना?"

"तू आडवी जाण्यापेक्षा बरं."

"येईन मी," तुइरे म्हणाली. आवाज हवा तितका ठाम आला नाही.

तिने बटण दाबून आकडा समोर ठेवला आणि स्वतःच्याच आल्या मागावर गाडी घातली. उत्तरेचा वळसा, मग फांद्या.

७०. ७०. ६९.

तिने रेस सोडली नाही.

७०.