अंगठा दिलाय

माझ्या भावाच्या कंपनीचं कवतिक मला कुणी सांगू नका. पेपरात त्याचा फोटो आला तवा अख्ख्या वस्तीत पेढे मीच वाटले. आता त्या 'सांगावा'चं नाव काढलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

सांगावा म्हंजी कामावरच्या लोकांनी एकमेकांना निरोप धाडायचं ॲप. माझ्या भावाला, नागसेनला ते सुचलं आमच्या वडलांमुळं, आबांमुळं. आबा कुरकुंभला केमिकल कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर. पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर समोर आल्याबिगर जागा सोडायची न्हाई, हा तिथला नेम. एकदा रिलीव्हर दुसऱ्या दिवशी उगवला, तवर आबा तिथंच. नागसेन तवा पाबळला शिकत होता. त्यानं ॲप केलं. रिलीव्हरनं निरोप वाचून अंगठा दाबला, की तो निघाला असं समजायचं.

कुरकुंभच्या चार कंपन्यांनी ते घेतलं, मग चाकणच्या, मग कुठकुठल्या. पुण्यात काचेचं ऑफिस झालं, दोनशे पोरं कामाला. मी फोन केला की म्हणायचा, "ताई, सांगाव्यावर टाक ना." सख्ख्या बहिणीला! दिवसाला पाचशे निरोप यायचे त्याला. म्हणून त्यानं सोय केली, मीटिंगमधी असला की समद्यांना आपोआप अंगठा जायचा. माणसांना बरं वाटतं म्हणं. हे आम्हाला मागनं कळलं.

मार्चमधी दुपारी जेवून उठताना आबांच्या छातीत कळ आली. दरदरून घाम फुटला. मी शेजारच्या दत्ताला रिक्षा काढायला लावली. तवर आबांनी नागसेनला सांगावा धाडला, 'छातीत दुखतंय, तू ये.' लगेच अंगठा आला.

"बघ, निघाला पोरगा."

"आबा, पुण्यावरनं यायला दोन तास लागत्यात. दवाखाना पाच मिनटांवर हाय. चला आधी!"

"त्यानं अंगठा दिलाय. तो आला की जाऊ."

जित्याची खोड! मी रडले, भांडले, दत्तानं बखोटीला धरून उठवायला बघितलं. आबा खुर्ची सोडंनात. नागसेनला मी सात फोन केले, एक उचलला न्हाई. तासाभरानं आबांची मान कलली. दत्तानं उचलून दवाखान्यात नेलं, पर डॉक्टरच्या हातात काय उरलं नव्हतं.

मीटिंग सुटल्यावर नागसेननं माझे फोन बघितले आन् धावत आला. आबांच्या पायाशी बसून लहान पोरावानी रडला. मग म्हनला, "ताई, शेवटी काय बोलले गं?"

शेजारची रंभामावशी माझा हात दाबत होती, गप ऱ्हा म्हणून. खोटं बोलता आलं असतं. भाऊ माझाच हाय, जीव तुटत होता त्याच्यासाठी. पर राग बी माझाच होता.

"तुझी वाट बघत बसले," मी म्हनले. "दवाखान्यात चला म्हनलं तर उठले न्हाईत. म्हनले, पोरानं अंगठा दिलाय."

त्याला काय उमगंना. त्यानं खिशातनं फोन काढला, खाली खाली सरकवत गेला, आन् आबांचा निरोप तवा पहिल्यांदा वाचला.